ॲक्च्युअली, सर...

आमच्या रूमवर एक डबा आहे. पूर्वी त्यात घरचं लोणचं असायचं, आता सुट्टे पैसे असतात. नियम साधा. जो 'ॲक्च्युअली' म्हणेल त्याने एक रुपया टाकायचा. पहिल्या आठवड्यात त्या डब्यातून चौघांचा चहा आणि क्रीमरोल निघाला. दुसऱ्या आठवड्यात रूमवर कोणी बोलेनासंच झालं!

मित्रहो, गंमत सोडा, पण एक दिवस कान देऊन ऐका. सबमिशनच्या रांगेत : "मॅडम, ॲक्च्युअली जर्नल रूमवर राहिलं." रात्री साडेअकराला रेक्टरसमोर : "सर, ॲक्च्युअली आम्ही अभ्यासच करत होतो." घरच्या फोनवर : "बाबा, ॲक्च्युअली रिझल्ट अजून लागायचाय." डिक्शनरी उघडलीत तर या शब्दाचा अर्थ 'खरोखर, प्रत्यक्षात' असा दिलेला सापडेल. आणि आपल्याकडे हा शब्द आला की समजावं, पुढे जे येतंय ते खरं नाही, निदान पूर्ण खरं नाही.

मी काही शुद्ध मराठीचा झेंडा घेऊन उभा नाही. टेबल, पेन, मेस, सबमिशन हे शब्द आपलेच झालेत. आमच्यासारखे मराठी मीडियमवाले तर हा शब्द क्लचसारखा वापरतात. क्लच दाबायचा आणि तेवढ्यात पुढच्या इंग्लिश वाक्याचा गिअर शोधायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. इंग्रजसुद्धा वाक्य सुचेपर्यंत वेळ काढायला हाच शब्द वापरतो.

पण त्याच्याकडे या शब्दाला आणखी एक काम आहे. समोरच्याचा समज चुकलाय हे नम्रपणे सांगण्याचं. "तुम्ही पुण्याचे ना?" "ॲक्च्युअली, मी लातूरचा." इथे शब्द चपखल बसतो. पण इंटरव्ह्यूमध्ये "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर आपण सुरू करतो, "ॲक्च्युअली, आय ॲम फ्रॉम लातूर." अरे, पण तू लातूरचा नाहीस असं म्हणालं कोण?

मराठीत एवढी सगळी कामं एका शब्दावर पडत नाहीत. आपण चुकलो हे कबूल करायचं तर 'खरं तर'. कागदावर एक आणि जागेवर दुसरं असेल तर 'प्रत्यक्षात'. व्हायला हवं होतं पण झालं नाही, तिथे 'वास्तविक'. ("वास्तविक त्याने फोन करायला हवा होता.") मुळाशी जायचं तर 'मुळात'. प्रत्येकाची जागा वेगळी. यातला कुठला शब्द वापरायचा हे ठरवताना आपल्याला नेमकं काय म्हणायचंय, हेही ठरवावं लागतं. 'ॲक्च्युअली' म्हटलं की तो त्रास वाचतो.

या शब्दाचं मूळ मात्र आपल्या शाखेच्या फार जवळचं निघालं. लॅटिनमध्ये 'आगेरे' म्हणजे करणे. त्यातून ॲक्ट, ॲक्शन, ॲक्टर आणि आपला ॲक्च्युएटरसुद्धा. म्हणजे ॲक्च्युअली याचा जुना अर्थ 'कृतीने, प्रत्यक्ष करून'. ॲरिस्टॉटलने जे अंगात दडलेलं आहे ते आणि जे कामात उतरलं आहे ते, असा फरक केला होता. लॅटिन भाषांतरात त्यातलं दुसरं झालं 'ॲक्टस' आणि पहिलं 'पोटेन्शिया'. रँकिन सायकलवाला रँकिन आपल्या सर्वांच्या ओळखीचा (आणि काहींच्या बॅकलॉगचा!). त्याने 1853 साली 'पोटेन्शियल एनर्जी' हा शब्द आणला, तेव्हा तिच्या जोडीला ठेवली होती 'ॲक्च्युअल एनर्जी'. पुढे थॉमसन आणि टेट यांच्यामुळे 'कायनेटिक' रूढ झाला आणि 'ॲक्च्युअल' मागे पडला.

आपला 'प्रत्यक्ष' मात्र डोळ्यावर उभा आहे. प्रति अधिक अक्ष, म्हणजे डोळ्यांसमोरचं. एक शब्द विचारतो, केलंस का? दुसरा विचारतो, पाहिलंस का?

आणि इथेच मी फसलो.

फ्लुइड मेकॅनिक्सची ओरल होती. प्रयोग व्हेंच्युरीमीटरचा. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज किती आला?" मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "सर, ॲक्च्युअली 0.96 आला." सर हसले. म्हणाले, "ॲक्च्युअली? बरं. मग टाकीत दहा सेंटिमीटर पाणी चढायला किती सेकंद लागले?"

ज्यांनी हा प्रयोग केलाय (किंवा 'लिहिलाय') त्यांना माहीत आहे. थिऑरेटिकल डिस्चार्ज मॅनोमीटरच्या हेडवरून सूत्राने काढायचा. ॲक्च्युअल डिस्चार्ज मोजायचा. टाकीचा तळ गुणिले पाण्याची चढ, भागिले वेळ. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की आला कोइफिशंट. पूर्ण टेबलात स्टॉपवॉच हातात धरून उभं राहावं लागतं ते त्या एका कॉलमसाठी. आणि आमच्या बॅचने नेमका तोच कॉलम सीनियरच्या जर्नलवरून उतरवला होता. आमच्या टर्नला पंप बंद होता. नंतर तो सुरू झाला, पण आम्ही कुणी परत गेलो नाही. जिथे आकडा लागला नाही तिथे 0.96 धरून उलटं गणित केलं.

सर रागावले नाहीत. "या कॉलमला नाव काय दिलंय, वाचा," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. मी वाचलं. 'ॲक्च्युअल डिस्चार्ज.' मार्क बरे मिळाले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

परीक्षा संपल्यावर मी आणि माझा पार्टनर लॅबच्या मामांना गाठून तो प्रयोग करून आलो. कोइफिशंट आला 0.88! आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मामांनी मॅनोमीटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नळीत हवा हाय, काढा आधी." दोन्ही नळ्यांतली हवा काढली, पुन्हा रीडिंग घेतली, 0.95 आला. हवेच्या बुडबुड्याने हेड चुकतं हे पुस्तकात होतंच. पण ते आम्हाला कळलं त्या 0.88 मुळे. उतरवलेल्या 0.96 ने काहीही शिकवलं नव्हतं.

आता एक गोष्ट आदरणीय शिक्षकवर्गासाठी, लहान तोंडी मोठा घास घेतोय. आम्ही आकडे उतरवतो ही चूक आमचीच. पण 0.88 लिहिलेलं जर्नल 'रिपीट' असा लाल शेरा घेऊन परत येतं आणि उतरवलेल्या 0.96 वर सही होते, हे आम्ही पहिल्याच सेमिस्टरला शिकतो. मग रांगेत उभा राहणारा मुलगा काय निवडणार? चुकीचा आकडा आणि त्याखाली 'नळीत हवा असावी' अशी एक ओळ, एवढ्याला सही मिळाली तर उतरवण्याचं अर्धं कारणच संपेल. उद्या आमच्यातलाच कोणी साइटवर काँक्रीटच्या क्यूबची स्ट्रेंथ लिहील, कोणी बॉयलरचं प्रेशर लिहील. तिथे उतरवायला सीनियरचं जर्नल नसेल, पण उलटं गणित करायची सवय मात्र असेल.

आणि मित्रहो, आपल्यासाठी एवढंच. 'ॲक्च्युअली' म्हणा, हवं तितकं म्हणा. फक्त म्हणण्याआधी एक सेकंद थांबून बघा की पुढचं वाक्य मोजलेलं आहे की उतरवलेलं.

सरांच्या त्या वाक्यानंतर मी एकदा घरी फोन केला. 'ॲक्च्युअली' म्हणणार होतो, डबा आठवला. मग म्हणालो, "बाबा, खरं तर रिझल्ट मागच्याच आठवड्यात लागला. एम-थ्री राहिला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "जेवलास का?"

त्या दिवशी डब्यात रुपया पडला नाही.