संगोपनगृहाच्या प्रतिमानात पाण्याचा हिशेब हवा

रेशीम कीटक संगोपनगृह बांधण्यापूर्वी हवेच्या प्रवाहाचे संगणकीय प्रतिमान तयार करणे आता आवाक्यात आले आहे. खिडक्या कोठे असाव्यात, पंखा किती उंचीवर बसवावा, छपराखाली किती झरोके ठेवावेत, हे पाया खणण्याआधीच तपासता येते. ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र वारा आणि तापमान यांचे बारकाईने गणित मांडून आर्द्रतेसाठी एकच सरासरी आकडा गृहीत धरला, तर असा आराखडा शेतकऱ्याच्या हाती देणे उचित ठरत नाही.

तुती रेशीम कीटकाच्या बाल्यावस्थेत ८० ते ९० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. पाचव्या अवस्थेत ती ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत खाली आणावी लागते. पिकाच्या एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला याच शेवटच्या अवस्थेत खाल्ला जातो. अर्थात, कीटकांना कोरडी हवा हवी असते तेव्हाच घरात सर्वाधिक पाणी येत असते.

हा विरोधाभास साध्या गणिताने स्पष्ट होतो. ५० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच घरातील हवा २५ अंश सेल्सिअस तापमानाला पूर्ण संपृक्त झाली, तरी तिच्यात सुमारे साडेसहा लिटर पाणीच वाफरूपाने सामावते. तुतीच्या पाल्यात ७० टक्के पाणी धरले, तर १०० किलो पाल्याबरोबर ७० लिटर पाणी आत येते. त्याचा दहावा हिस्सा जरी बाष्परूप झाला, तरी बंद घराची क्षमता संपते. शिवाय कीटकांचे श्वसन, त्यांची विष्ठा आणि ओली जमीन हे स्रोत वेगळेच. प्रतिमानात हे स्रोत बेडच्या पातळीवर दाखवले नाहीत, तर पडद्यावर दिसणारे आकडे घरातल्या वस्तुस्थितीशी जुळणार नाहीत.

दुसरी चूक सापेक्ष आर्द्रतेलाच वाहून नेण्याची राशी समजण्याची. ३५ अंश तापमानाची, ३० टक्के आर्द्रतेची हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता तिची आर्द्रता सुमारे ५३ टक्के होते. म्हणून प्रतिमानाने बाष्पाचे प्रत्यक्ष वस्तुमान मोजत राहावे आणि सापेक्ष आर्द्रता प्रत्येक ठिकाणच्या तापमानावरून काढावी. बाष्पीभवन उष्णताही शोषते; वरील घरात एक लिटर पाण्याची वाफ झाली आणि बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर हवा सुमारे ७ अंशांनी थंड होईल. पत्र्याच्या छपराला रात्री सुटणारा घाम हाही याच हिशेबातला खर्च होय.

हा काथ्याकूट प्रयोगशाळेपुरता नाही. दाट बेडमध्ये ओलावा साचला की मस्करडीनच्या बुरशीला पोषक स्थिती मिळते; भिंतीवरचा आर्द्रतामापक मात्र समाधानकारक आकडा दाखवत राहतो. कोष विणताना हवा दमट राहिली, तर धागा नीट उलगडत नाही आणि प्रत घसरते. हे नुकसान होते तेव्हा पाला, मजुरी आणि तीन-चार आठवड्यांचे कष्ट खर्ची पडलेले असतात.

जालन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलावा वाढवावा लागतो, तर बंगालमधील मालदाच्या पावसाळ्यात तो बाहेर काढावा लागतो. एका ठिकाणचा आराखडा दुसरीकडे जसाच्या तसा वापरता येणार नाही. म्हणून कोणत्याही आराखड्याची शिफारस करण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: पाल्याचे पाणी गणितात धरले आहे काय? दिवस आणि रात्र, दोन्हींचे निकाल आहेत काय? खालच्या, मधल्या व वरच्या रॅकवर, बेडलगत घेतलेल्या नोंदींशी ते पडताळले आहेत काय?

प्रगतिशील शेतकऱ्यांनाही या कामी मोठा वाटा उचलता येईल. ओल्या-सुक्या थर्मामीटरच्या नोंदी पहाटे व दुपारी, बेडच्या उंचीवर, पूर्ण पीकभर ठेवल्या, तर संशोधकांना प्रतिमान सुधारण्यासाठी भक्कम आधार मिळेल. रेशीम कीटक खोलीच्या सरासरीत नव्हे, तर पाल्याच्या थरातील हवेत जगतो. प्रतिमानाची खरी कसोटीही तेथेच लागली पाहिजे.