‘मेट्रिक्स’चा प्रश्न उसाच्या फडात

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) वापरणाऱ्या बारामतीच्या ऊस उत्पादकांविषयीची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि इलॉन मस्क यांनी तिला दुजोरा दिला. तालुक्याला त्याचा अभिमान वाटला आणि तो वाटावा असेच ते काम आहे. मात्र त्यानंतर गावोगावी ‘एआय’ची जी चर्चा सुरू झाली, ती दोन टोकांना अडकून बसली. एकरी टनेज किती वाढणार, हे एक टोक. माणसाचे काम जाणार का, हे दुसरे. या दोन्हींच्या मधला प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. एका विज्ञानपटाने तो २००३ मध्येच विचारून ठेवला आहे.

‘मेट्रिक्स’ ही वाचोव्स्की भगिनींनी घडवलेली चित्रपटमाला. पहिला चित्रपट १९९९चा, पुढचे दोन २००३चे, चौथा २०२१चा. यंत्रांनी माणसांना जिंकले आहे, माणसांची शरीरे यंत्रांना ऊर्जा पुरवतात आणि त्यांची मने मात्र संगणकाने रचलेल्या एका आभासी जगात सुखाने नांदतात. निओ हा तरुण त्या आभासातून जागा होतो. प्लेटोची गुहा, देकार्तचा संशय, आपल्याकडची माया, हे सगळे त्या पहिल्या चित्रपटाच्या निमित्ताने भरपूर लिहून झाले आहे. तिसऱ्या भागातल्या निर्णायक लढाईच्या पार्श्वसंगीतात तर उपनिषदातला संस्कृत मजकूर गायला जातो. तरीही ‘हे जग खरे की खोटे’ एवढ्यावर या मालेची चर्चा थांबते, तेव्हा तिचा मोठा भाग निसटतो.

दुसऱ्या भागात, ‘मेट्रिक्स रिलोडेड’मध्ये, एक शांत प्रसंग आहे. हाणामारीसाठी तिकीट काढून आलेला प्रेक्षक तो हमखास विसरतो. जमिनीखाली उरलेले माणसांचे शेवटचे शहर म्हणजे झायन. तिथला वृद्ध नगरसेवक हामान रात्री झोप येत नाही म्हणून निओला घेऊन शहराच्या तळाशी जातो. तिथे प्रचंड यंत्रे चालू आहेत. वापरलेले पाणी तीच शुद्ध करून शहराला परत देतात. काही यंत्रे आपल्याला मारायला निघाली आहेत आणि ही यंत्रे आपल्याला जगवत आहेत, याचे हामानला नवल वाटते. निओ म्हणतो, फरक एवढाच की ही आपल्या ताब्यात आहेत, आपण ती बंद करू शकतो. हामान ते मान्य करतो आणि हळूच विचारतो, बंद केली तर दिव्यांचे, उबेचे, हवेचे काय? मग ताबा म्हणजे नेमके काय? पाण्याचे यंत्र कसे चालते हे आपल्याला मुळीच कळत नाही, पण ते कशासाठी चालते हे कळते, असेही तो कबूल करतो.

हा प्रसंग बारामती-इंदापुरात दाखवला तर समजावून सांगावा लागणार नाही. इथले जग यंत्रणेनेच रचलेले आहे. बारामतीहून माळेगाव, पणदरे, सोमेश्वरनगर असे नीरेकडे निघाले की दुतर्फा ऊस दिसतो. इथे जन्मलेल्या मुलाला ही हिरवाई डोंगर-नदीइतकी मूळची वाटते. त्याच तालुक्यात सुपे-मोरगावच्या बाजूला वळले की जिरायती पट्टा लागतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे भेटतात. पाऊस दोन्हीकडे बेताचाच. फरक केला तो नीरा डाव्या कालव्याने. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर, १८८०च्या दशकात तो सुरू झाला आणि भाटघरचे पाणी इकडे आले. १९२७ मध्ये भाटघरला मोठे धरण उभे राहिले. तेव्हा कुण्या अभियंत्याने नकाशावर आखलेल्या रेषेच्या अलीकडची शेती बागायती झाली, पलीकडची जिरायती राहिली. पुढच्या पिढ्यांची लग्ने, शिक्षणे, राजकारण या रेषेभोवती फिरले.

यंत्राने स्वतः निर्णय घेण्याची गोष्टही या भागाला नवी नाही. विश्वेश्वरय्या पुण्यात अभियंता असताना त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवली, ती १९०३ मध्ये. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. आज त्याच खडकवासल्याचे पाणी उजव्या कालव्याने दौंडमार्गे इंदापूरला येते. नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धतही त्यांनीच आणली: शेतांचे गट पाडायचे आणि ठरलेल्या पिकांना ठरलेल्या वेळी पाणी द्यायचे. शेतकऱ्यांचा आधी विरोध झाला, नंतर ती पद्धत अंगवळणी पडली. माणसाच्या वतीने हिशेब करणारी व्यवस्था आधी खुपते, मग सोयीची होते आणि शेवटी दिसेनाशी होते. दिसेनाशी झाली की तिला कुणी प्रश्न विचारत नाही.

आता नवी व्यवस्था पाहू. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही आप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये उभी केलेली संस्था. तिच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसावर एआयचा प्रयोग केला आणि सुमारे हजार शेतकरी निवडले. शेताच्या कडेला एका खांबावर छोटे हवामान केंद्र उभे असते. त्यावर पाऊस, वारा, तापमान, हवेतली आर्द्रता मोजणारी उपकरणे. जमिनीत सेन्सर पुरलेले, ते मुळांजवळची ओल सांगतात. वरून उपग्रहाची छायाचित्रे येतात. सगळ्याचा मेळ दूर कुठल्या तरी संगणकात बसतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप येतो: कुठल्या भागाला पाणी द्या, कुठे खत कमी आहे, कोणता रोग येण्याचा संभव आहे. उत्पादन वाढले आणि पाण्यात मोठी बचत झाली, असे ट्रस्ट आणि मायक्रोसॉफ्ट सांगतात. पाटाने भरमसाट पाणी देऊन जमिनी खारवलेल्या या पट्ट्यात पाण्याची बचत हे एकटे कारणसुद्धा प्रयोगाच्या स्वागताला पुरेसे आहे.

याच शेतावर उभा असलेला जाणता शेतकरी काय करतो? सरीतली माती उचलतो, मुठीत दाबतो. गोळा चिकट झाला तर अजून ओल आहे, भुगा झाला तर उशीर झाला. गोळा होऊन सहज फुटला की वाफसा. ही परीक्षा त्याने वडिलांकडून घेतली आणि ती का लागू पडते हे तो मुलाला सांगू शकतो. मोबाइलवरच्या निरोपाचे तसे नाही. ‘आज पाणी देऊ नका’ एवढेच आले, तर पाळणे किंवा न पाळणे या दोनच वाटा उरतात. शिकण्याची तिसरी वाट बंद होते. पाच-दहा वर्षे निरोप पाळल्यावर मुठीतली परीक्षा घेणारा माणूसच गावात उरला नाही, तर झायनच्या तळघरातली अवस्था येईल. फरक इतकाच की हामानला यंत्र कशासाठी आहे एवढे तरी ठाऊक होते.

दुसरी अडचण अधिक रोकडी आहे. निरोप आला ‘पाणी द्या’, पण कालव्याचे आवर्तन अजून लांब आहे. विहिरीत पाणी आहे, तर थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला तर आवर्तन सुटल्यावरही पाणी पोचेल याची खात्री नसते. इंदापूरच्या टोकाच्या गावांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. सेन्सर कितीही अचूक असला तरी आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरते आणि विजेचे वेळापत्रक महावितरण ठरवते. शेतावर अचूक ज्ञान आले आणि निर्णय मात्र वरच राहिला, तर त्या ज्ञानाचा खरा लाभ हेडच्या, ठिबकवाल्या, शेततळेवाल्या शेतकऱ्यालाच होणार. म्हणून एआयचा पैसा शेताच्या बांधापाशी थांबता कामा नये. कालव्याच्या प्रत्येक फाट्यावर किती पाणी सुटले आणि टेलला किती पोचले, याची मोजणी तितक्याच अचूकतेने व्हावी आणि ती तितक्याच सहज प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसावी. ज्या यंत्राला शेतकऱ्याची जमीन दिसते, त्याच यंत्राने शेतकऱ्याला कालवा दाखवला पाहिजे.

तिसऱ्या चित्रपटात एक भारतीय वाटणारे कुटुंब भेटते: रामचंद्र (चित्रपटात ‘रामा-कांद्रा’), कमला आणि त्यांची लहानगी सती. तिघेही माणसे नाहीत, संगणकाच्या आज्ञावल्या आहेत. बाप वीजकेंद्रातले पुनर्वापराचे काम पाहतो, आई नवे सॉफ्टवेअर रचते, मुलीला मात्र काहीच काम नेमून दिलेले नाही. यंत्रांच्या जगात ज्याला प्रयोजन नाही ते पुसून टाकतात, म्हणून आईबाप तिला लपवून दुसरीकडे न्यायला निघाले आहेत. आपण त्यांच्या तोंडून प्रेम आणि कर्म हे शब्द ऐकतो आणि निओसारखेच चकित होतो. चित्रपटाच्या अखेरीस आकाशात जो रंगीत सूर्योदय होतो, तो याच बिनकामाच्या मुलीने केलेला असतो.

बिनकामाची ठरलेली अशी सती आपल्या शेतातही आहे. उसाचे गणित टनांत होते आणि जे टनांत बसत नाही ते गणिताला दिसत नाही. बांधावरचे झाड, चाऱ्यासाठी राखलेला ज्वारीचा तुकडा, जमिनीला विसावा म्हणून पेरलेला ताग यांचे मोल कोणत्या रकान्यात मांडायचे? उजनीचेच पाहा. १९८०च्या सुमारास पुरे झालेले हे धरण सिंचनासाठी होते. त्याच्या फुगवट्याने इंदापूरची गावे उठली, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. मग उथळ पाण्यात रोहित पक्षी येऊ लागले आणि भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांना त्यांनी नवा रोजगार दिला. आराखडा करताना हे पक्षी कुणाच्या हिशेबात नव्हते.

असे चित्रपट शहरी तरुणांचे चोचले आहेत, असा आक्षेप इथे तरी टिकत नाही. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर साखर कारखान्याभोवती वाढले आणि तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग घडले. उसाच्या शेजारी अवकाशयान ही इथल्या कामगाराची रोजची नोकरी आहे. मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवून बक्षीस मिळवले आणि पुढची चार-पाच दशके विज्ञानकथा घराघरांत नेली. कृषी महाविद्यालयांत आणि दरवर्षी जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात ड्रोनशेजारी एका पडद्यावर ‘मेट्रिक्स रिलोडेड’मधला हामानचा तो प्रसंग दाखवून शेतकऱ्यांशी बोलायला काय हरकत आहे? त्यांच्याकडून येणारी उत्तरे कुठल्याही परिसंवादापेक्षा मोलाची असतील.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. ते २०२९ पर्यंतचे आहे. साखर कारखानेही सभासदांना या तंत्रात आणू लागले आहेत. उद्या उपग्रहावरून उसातली साखर अजमावून तोडणीचा कार्यक्रम लावला जाईल. वशिल्याने तोड मिळवणाऱ्यांना त्यातून आळा बसेल, हे चांगलेच. पण आज तोड लांबली तर कारखान्याच्या चिटबॉयला चावडीवर गाठून जाब विचारता येतो. संगणकाने लावलेल्या क्रमाबद्दल कुणाला गाठायचे, हे आधीच ठरले पाहिजे. निरोपासोबत त्याचे कारण आले पाहिजे. सल्ला न मानणाऱ्याच्या तोडीवर, कर्जावर वा विम्यावर त्याचा परिणाम होता कामा नये. आणि शेतातून गोळा झालेल्या माहितीवर पहिला हक्क सभासदाचा राहिला पाहिजे; ती कुणाला, किती काळासाठी, कोणत्या मोबदल्यात द्यायची ते त्याच्या संमतीने ठरले पाहिजे.

हे ठरवायला नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने आहेत, सभासद त्यांचे मालक आहेत. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्याव्या लागतात. त्या सभांच्या विषयपत्रिकेवर ऊसदर आणि ताळेबंदाच्या जोडीला सभासदांच्या शेतातील माहितीची मालकी व वापर हा स्वतंत्र विषय यावा आणि त्यावर खुली चर्चा होऊन ठराव व्हावा. संचालक मंडळाने तो घेतला नाही, तर सभासदांनी आधी लेखी सूचना देऊन तो मांडावा.