व्यवहार-विवेक : आरसा म्हणजे नक्कल नव्हे



पूर्वी पेढीवर लाल कापडात बांधलेल्या वह्या असत. कीर्द कोठे, खतावणी कोठे, कोणत्या सालाची वही कोणत्या फडताळात, हे दिवाणजींना दिवा न लावताही सापडे. आज ती जागा राउटरशेजारी ठेवलेल्या एका लहानशा पेटीने घेतली आहे. कोणी तिला ‘नॅस’ म्हणतात, कोणी नुसते ‘सर्व्हर’. आत दोन किंवा चार हार्डडिस्क असतात आणि घरातले व दुकानातले सारे संगणक त्यांच्यावर लिहितात. हिशेबाचे बॅकअप, जीएसटीची पत्रके, खरेदीची बिले, जागेचे दस्तऐवज, तीन पिढ्यांची छायाचित्रे, सर्व काही तेथेच. एखाद्या सकाळी ती पेटी उघडत नाही, तेव्हा सगळे घर हवालदिल होते, ते साहजिकच आहे.

अशा वेळी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पेटी बिघडली म्हणजे माहिती गेलीच असे नाही; घाईघाईच्या दुरुस्तीत मात्र ती जाऊ शकते. बँकेत दिवसअखेर ताळमेळ जुळला नाही, तर कोणी नोंदी खोडू लागत नसे. फरक किती, कोणत्या दिवशीचा, कोणत्या खात्यातला, हे आधी शोधले जाई. येथेही तोच क्रम उपयोगी पडतो. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा, मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढावे आणि दोष नेमका कोणत्या थरात आहे ते ठरवावे. थर तीनच आहेत : वाट, अधिकार आणि साठा.

प्रथम वाट. एकाच संगणकावरून पेटी दिसत नसेल, तर दोष त्या संगणकाचा. कोठूनच दिसत नसेल, तर दोष पेटीचा, तारेचा किंवा राउटरचा. बहुतेक घरांत राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो आणि तो कायमचा नसतो. वीज जाऊन आली किंवा राउटर बदलला, की कालचा पत्ता आज दुसऱ्याच यंत्राला मिळू शकतो. राउटरच्या यादीत पेटीचा आजचा पत्ता पाहावा आणि नावाऐवजी त्या आकड्यांनी ती उघडून पाहावी. उघडली, तर माहिती सुखरूप आहे, फक्त पत्ता हरवला होता. मग राउटरमध्ये तो पत्ता पेटीच्या नावे राखून ठेवावा. ही तक्रार सहसा पुन्हा येत नाही.

दुसरा थर अधिकाराचा. पेटी दिसते, पण ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते. पासवर्ड बदलला असेल, तर विंडोजने जपून ठेवलेला जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून काढून टाकावा. तसेच बहुतेक पेट्यांत परवानगीची दोन दारे असतात : एक सामायिक फोल्डरचे, दुसरे आतल्या फाइलींचे. दोहोंपैकी जे अधिक कडक, तेच लागू होते. पुतण्या एका गटात असल्याने त्याला प्रवेश आहे आणि दुसऱ्या गटाला ‘मनाई’ आहे, तर सामान्यतः मनाईच वरचढ ठरते.

काही घरांत संगणक अद्ययावत केल्यानंतर जुनी पेटी उघडेनाशी झाली. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत सुरक्षेचे नियम कडक झाले; नाव-पासवर्डाशिवाय ‘पाहुणा’ म्हणून आत शिरण्याची जुनी सोय त्यामुळे अनेक ठिकाणी बंद पडली. यावर कुलूप सैल करणे हा उपाय नव्हे. काका, भाऊ, दिवाणजी, लेखापालांकडचा मुलगा, प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा आणि ज्याला केवळ वाचायचे आहे त्याला लिहिण्याचा अधिकार देऊ नये. जुन्या स्कॅनरसाठी ‘एसएमबी १’ ही कालबाह्य पद्धत पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नाकारावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर हाहाकार केला, तो याच पद्धतीतील उणिवेतून शिरून.

तिसरा थर साठ्याचा. खरा धोका येथे आहे. आधी दोन निरुपद्रवी शंका दूर करू. चार टीबीची डिस्क संगणकावर ३.६३ इतकीच दिसते, म्हणून दुकानदाराने फसवले असे नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. वजन तेच, मापे वेगळी. दुसरी शंका : फाइली पुसूनही जागा मोकळी होत नाही. पुसलेल्या फाइली पेटीच्या स्वतःच्या ‘रिसायकल बिन’मध्ये पडून असतात किंवा ‘स्नॅपशॉट’ने धरून ठेवलेल्या असतात. बिन पाहून रिकामी करावी. मात्र सगळे स्नॅपशॉट एका फटक्यात पुसू नयेत. चुकून फाइल गेली, तर तेच उपयोगी पडतात.

आता गंभीर प्रसंग. पेटी बीप बीप वाजते, लाल दिवा लागतो आणि एक डिस्क निकामी झाल्याचा संदेश येतो. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याच्या पद्धतीला ‘रेड १’ किंवा आरसा म्हणतात. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालते, म्हणून घाबरू नये. पण आता सारा भार एकाच डिस्कवर आहे, हेही विसरू नये. येथे क्रम असा : आधी पेटीतील महत्त्वाची माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. मग निकामी डिस्कचा अनुक्रमांक पेटीच्या पडद्यावरून लिहून घ्यावा आणि तोच क्रमांक डिस्कच्या चिठ्ठीवर पडताळूनच ती बाहेर काढावी. चांगली डिस्क चुकून ओढली गेली, तर साध्या बिघाडाचे संकट होते. पडद्यावर ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ असा पर्याय आला, तर बोट आवरावे. त्याने जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी, आणि ‘सीएमआर’ पद्धतीची घ्यावी. ‘एसएमआर’ पद्धतीच्या डिस्कवर पुनर्भरणाचे काम फार रेंगाळू शकते आणि तेवढा काळ उरलेल्या डिस्कवरचा ताण टिकतो.

डिस्क जाण्यापूर्वी पुष्कळदा सूचना देते. पेटीतील ‘स्मार्ट’ अहवालात खराब ठरून बदललेल्या जागांचा आकडा आणि बदलाच्या प्रतीक्षेतील जागांचा आकडा असतो. हे आकडे महिन्यागणिक वाढू लागले, तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. ‘सीआरसी’ त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा तारेचा किंवा जोडणीचा असतो. जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएस हवाच आणि त्याची यूएसबी तार पेटीला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी पेटी स्वतः नीट बंद होते.

आता शीर्षकाकडे वळू. अनेक कुटुंबांचा समज असतो की दोन डिस्क आहेत, म्हणजे बॅकअप आहेच. आरसा मात्र समोर जे असेल तेच दाखवतो. एखादी फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. व्हायरसने हिशेब कुलूपबंद केला, तर दोन्हीकडे होतो. आग, चोरी, पूर यांना तर पेटी एकच. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या अशाच घरगुती पेट्या कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. गावाबाहेरून पेटी उघडायची गरज असेल, तर राउटरमध्ये थेट दार न उघडता व्हीपीएनची वाट घ्यावी.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक दुसऱ्या जागी, हा नियम पाळावा. एक प्रत पेटीत. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून कपाटात जाते. तिसरी दुसऱ्या घरी, लॉकरमध्ये किंवा क्लाउडवर. कायद्याचीही अपेक्षा लक्षात घ्यावी. जीएसटीचे हिशेब वार्षिक पत्रकाच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात; कंपनी असेल, तर मागील आठ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवावी लागतात आणि संगणकीय हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज असावा लागतो. ‘डिस्क गेली’ हे उत्तर अधिकाऱ्यांपुढे चालत नाही.

नकलेचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ‘षट्खंडागम’ या आगमग्रंथावरील आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्री येथे जपल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. ताडपत्र कितीही श्रद्धेने जपले, तरी वाळवीला व पाण्याला श्रद्धा कळत नाही. ग्रंथ घरोघरी पोहोचला तो नकलांमुळे.

ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची झाडलोट करतो, पूजन करतो. त्याच दिवशी पेटीसाठी एक तास काढावा. कपाटातील डिस्क जोडून मागील वर्षाची एक फाइल परत उतरवावी, उघडावी, बेरीज पाहावी. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला धनादेश. खात्यात रक्कम आहे की नाही, ते वटवल्यावाचून कळत नाही. एवढी मोठी तपासणी वर्षातून एकदा आणि लहानशी दरमहा, असा नेम ठेवावा.

आणि एक साधी वही करावी, कागदाची. पेटीचा पत्ता, डिस्कचे अनुक्रमांक व खरेदीची तारीख, कोणाला कोणता अधिकार, शेवटची तपासणी कधी झाली, हे तीत लिहावे. पासवर्ड मात्र त्या वहीत न लिहिता बंद पाकिटात लॉकरमध्ये ठेवावेत आणि पाकीट कोठे आहे ते घरातील दोघांना ठाऊक असावे. पेटीची सारी माहिती एकाच मुलाच्या डोक्यात असेल आणि तो शिक्षणासाठी परगावी गेला, तर पेटी सुस्थितीत असूनही कुटुंबाला बंदच असते.

येत्या रविवारी घरच्यांना एवढेच विचारावे : आज ही पेटी उचलून नेली, तर उद्या सकाळी दुकान कशावर चालेल? उत्तर तत्काळ आले तर उत्तम. नाही आले, तर बाहेरची एक डिस्क आणून पहिली नक्कल त्याच दिवशी करावी.