घंटागाडी दारात उभी, कचरा ओढ्यात

घंटागाडी आता शहरापुरती राहिलेली नाही. मोठ्या गावांतून ती ग्रामपंचायतीच्या दारात उभी दिसते. पण बहुतेक वेळा उभीच दिसते, हीच लोकांची तक्रार आहे. नारळ फुटला, पंधरा दिवस गाणं वाजवत गाडी गल्लोगल्ली फिरली. मग कधी डिझेल नाही, कधी ड्रायव्हर नाही, आणि पुढं ये रे माझ्या मागल्या. बायामाणसं दोन-तीन दिवस बादली भरून वाट बघतात आणि चौथ्या दिवशी ती ओढ्याच्या कडेला पालथी करतात.

याचा दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकून भागणार नाही. हिशेब बघितला पाहिजे. स्वच्छ भारत मिशनचा (ग्रामीण) दुसरा टप्पा २०२० साली मंजूर झाला. त्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंतची तरतूद होती. तीन हजार वस्तीच्या गावाला ही रक्कम १ लाख ८० हजार होते. ती गाडी, शेड, खड्डे अशा एकदाच्या कामांसाठी. डिझेल, पगार, टायर, बॅटरी हा खर्च मात्र दर महिन्याचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी बंधित ठेवला, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. पण आयोगाचा निधी ठराविक काळापुरता असतो, कचरा रोजचा असतो. शेवटी गाडी चालायची ती गावाच्या वसुलीवरच.

इथंच घोडं अडतं. गाडी येत नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत, आणि पट्टी येत नाही म्हणून गाडी निघत नाही. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना कर भरणाऱ्या घराला दळण मोफत देण्याची पद्धत गाजली. त्यातला धडा साधा आहे. पैशाच्या बदल्यात काय मिळतं ते दिसलं, की माणूस पैसे भरतो.

मग सुरुवात कुठून करायची? आधी फेऱ्या कमी करा आणि तेवढ्या पाळा. गावात रोज फेरीची गरज नसते. भाजीचे देठ, खरकटं, शेण-काडी यांना उकिरडा आहे, परसात खड्डा आहे. यवतमाळ जिल्ह्यातले नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी नाडेप खताची टाकी आहे. ओला कचरा घरीच जिरला, तर राहतं ते प्लॅस्टिक, काच, कागद. ते पोत्यात चार दिवस ठेवलं तरी कुजत नाही. रोजची फेरी जाहीर करून कधीमधी येण्यापेक्षा सोमवार-गुरुवार जाहीर करावं आणि ते दोन वार चुकवू नयेत. डिझेलही परवडेल आणि लोकांचा विश्वासही बसेल.

दुसरी गोष्ट तक्रारीची. पारावर बोललेली तक्रार पारावरच राहते. सरपंच ग्रामसेवकाकडं बोट दाखवतात, ग्रामसेवक ड्रायव्हरकडं. म्हणून तक्रार लेखी द्यावी. गल्ली कोणती, कोणत्या तारखांना गाडी आली नाही, एवढं लिहून चार-पाच घरांच्या सह्या घ्याव्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडं अर्ज करावा. गाडीचं लॉगबुक आणि डिझेलची बिलं माहिती अधिकारात (२००५) मागता येतात, त्याला ३० दिवसांची मुदत आहे.

ग्रामपंचायतीनंही तक्रारीला दुखणं समजू नये. लोकसेवा हक्क कायद्याने (२०१५) जन्म-मृत्यूच्या दाखल्याला मुदत ठरली. तशीच चुकलेल्या फेरीची मुदत ग्रामसभेनं ठराव करून ठरवावी: दोन दिवसांत फेरी, सात दिवसांत लेखी उत्तर. गाडी बिघडली तर दवंडी द्या, व्हॉट्सॲपवर टाका, आणि बदली म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉली कोणाची ते आधीच ठरवून ठेवा. वाड्या-वस्त्यांवर गाडी जात नसेल, तर तिथं पोती गोळा करायची एक जागा नेमा.

हा प्रश्न नुसत्या गावठाणाचा नाही. ओढ्यात टाकलेली पिशवी पुरात खालच्या रानात येते. उकिरड्यात मिसळलेलं प्लॅस्टिक शेणखताबरोबर वावरात जातं आणि कुळवाच्या फासात अडकतं. गाईनं खाल्लं तर डॉक्टरचं बिल वेगळंच. तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन कागद मागा: फेरीचं वेळापत्रक, गाडीचा महिन्याचा खर्च आणि गेल्या वर्षीची सफाई कराची वसुली. आणि मागायला जाताना आपली स्वतःची पट्टी भरल्याची पावती खिशात असू द्या.