लेखन पन्नास, चित्र पन्नास

सोसायटीच्या गणपतीत पुन्हा कधी परीक्षक होणार नाही, असं गेल्या वर्षी मोदक स्पर्धेनंतर याच जागी लिहिलं होतं. ते वाचूनच बहुधा सेक्रेटरीबाईंनी यंदा मोदकांऐवजी कॉमिक्स धाडली. सहावी ते आठवीच्या पोरांनी काढलेली, विनोदी, एकूण अकरा. सोबत छापील तक्ता: लेखन ५०, चित्र ५०.

तो तक्ता बघूनच माझं डोकं फिरलं. कॉमिकमधलं लेखन कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं हे ज्याला कळतं, त्याने आधी बासुंदीतली साखर वेगळी काढून दाखवावी. हे मी बाईंना फोनवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, "काका, अंदाजे द्या ना."

अंदाजाला काही आधार हवा म्हणून माळ्यावर चढलो. (तिथल्या ट्रंकेबद्दल हिचं मत वाचकांना ठाऊक आहेच. त्यात फरक पडलेला नाही.) ट्रंकेत 'टिंकल'चे जुने अंक आहेत. अनंत पैंनी नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू केलेलं हे मुलांचं कॉमिक. सुपंडी आणि शिकारी शंभू दोघेही १९८३चे. सुपंडीच्या पहिल्या गोष्टी तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांवरून आल्या. आपण कॉलर ताठ करावी ती चित्रकारांच्या नावांवर: सुपंडी राम वाईरकरांचा, शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा.

कव्हर उंदराने खाल्लेला एक अंक काढला आणि तक्ता शेजारी ठेवून तपासायला बसलो. आधी सुपंडी. लेखन: मालक बोलतो ते हा अक्षरशः करतो, आणि काय होणार ते तिसऱ्या चौकटीतच कळतं. पस्तीस. पण वाईरकरांनी त्याच्या तोंडावर जे समाधान काढलंय! सगळा विचका करूनही सांगितलं ते काम चोख केल्याचा आनंद. तो चेहरा नसता तर ती नुसती एका बिनडोक नोकराची गोष्ट झाली असती. 'अमर चित्र कथे'चा कृष्ण ज्या हाताने काढला त्याच हाताने हा काढला, हे मला अजून खरं वाटत नाही. चित्र अठ्ठेचाळीस. दोन गुण मी कुणालाच देत नाही.

मग शंभू, आणि तिथे तक्ता बाराच्या भावात गेला. गोष्ट नेहमीचीच. जनावर पकडायला बोलावणं येतं, शंभूची गाळण उडते, तो पळतो, लपतो, पडतो आणि त्या धडपडीत चुकून जनावर सापळ्यात. मग हारतुरे. लेखनाला तीस देताना हात आखडला. पण ती टोपी बघा! थेट डोळ्यांवर ओढलेली. शंभूचे डोळे दिसतच नाहीत. भित्रा माणूस काढायचा म्हटलं की कुणीही आधी डोळे मोठे करील. हळब्यांनी ते झाकूनच टाकले. मग भीती जाणार कुठे? ती मिशीत जाते, गुडघ्यांत जाते, हातातल्या बंदुकीत जाते. भिंग लावून पाहिलं. एका चौकटीत मिशी अशी पडलीय, जशी पावसात वाळत घातलेली टॉवेलपट्टी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या टोपीमुळे शंभू घाबरलाय हे गावकऱ्यांना कळत नाही. डोळे दिसले असते तर पहिल्याच गोष्टीत बिंग फुटून शंभू घरी बसला असता. म्हणजे सगळं कथानक त्या टोपीवर उभं आहे. आता टोपीचे गुण कुठल्या रकान्यात घालू?

आमच्या हापिसात असे एक साहेब होते. मीटिंगला काळा चष्मा घालून बसत. कुणी काही विचारलं की अर्धा मिनिट गप्प, मग सावकाश मान डोलवत. त्या अर्ध्या मिनिटाची आम्हा सगळ्यांना दहशत होती. साहेब खोलवर विचार करतात अशी ख्याती होती. एकदा चहावाल्या पोराने कप जरा जोरात ठेवला, तर साहेब दचकून म्हणाले, "कल्याण आलं का?" त्यानंतरही चार वर्षं आम्ही त्यांना तितकंच घाबरत होतो. चष्माच तसा होता.

हे सगळं हिला सांगत होतो तर ती म्हणाली, "मुलांचे गुण झाले का?" झाले नव्हते. रात्री अकरापर्यंत दहा पोरांचे गुण सरळ निम्मे-निम्मे करून टाकले. अकराव्यावर अडलो. सातवीतल्या मुलीचं, चार चौकटींचं. पहिलीत आपल्या लिफ्टमध्ये सहा माणसं. दुसरीत लिफ्ट बंद, कपाळांवर घामाचे थेंब. तिसरी चौकट काळ्या स्केचपेनने गच्च भरलेली, कागद फाटेपर्यंत, आणि मधोमध एकच फुगा: "माझ्या पिशवीत हात कुणाचा?" चौथीत दिवे आलेत, सहाही जणांचे हात वर आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चकली.

तिसऱ्या चौकटीत काढलेलं काहीच नाही. लिहिलेलं म्हणाल तर चार शब्द. सकाळी बाईंचा फोन आला: "काका, अकरा नंबरला एकदम शंभर लिहिलेत, फोड कुठंय?"

मी अर्धा मिनिट गप्प बसलो.