पाठ केलेलं स्वमत

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. म्हणजे पोरांनी स्वतःचं डोकं चालवायचं. छान! पण आमच्या कामोठ्यात कुठलंही गाईड उघडा, स्वमत छापून तयार! पोरं ते पाठ करतात, कारण त्याला मार्क मिळतात. दोष त्यांचा नाही राव.

२०१९ ला नवा अभ्यासक्रम आला, भाषांचे अंतर्गत २० मार्क गेले. निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर! बोंबाबोंब झाली, मार्क परत आले, २०२० ला निकाल ९५.३०. वर्षभरात पोरं विचार करायला शिकली म्हणायची का?

माझं म्हणणं साधं आहे. गाईडमधल्या स्वमताला शून्य द्या. आधी तसं जाहीर करा. छापणारे आपोआप थांबतील.