औषधांचा जमाखर्च

किराणा दुकानाच्या उधारीची वही आपल्याकडे घरोघर असते. दुधाच्या रतीबाचे खाडे कॅलेंडरवर मांडले जातात. भिशीचा हिशेब तर बायका तोंडपाठ सांगतात. पण ज्या घरात कॅन्सरचा रोगी आहे, त्या घरात तो दिवसभरात कोणकोणती औषधे पोटात घेतो, याचा हिशेब मात्र कुठेच लिहिलेला नसतो. हा हिशेब उधारीच्या हिशेबापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हर्सूलचे नाव निघाले की लोकांना तुरुंग आठवतो, नाहीतर तलाव. पण इथल्या गल्ल्यांतही कॅन्सर आला आहे. पूर्वी असा रोग निघाला की अनेकांना मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. २०१२ साली आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाड्याच्या गोरगरिबांची मोठी सोय झाली. उपचार जवळ आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु केमोचे सलाईन लावून रोगी घरी येतो आणि पुढचे पंधरा-वीस दिवस घरीच असतो. त्या दिवसांत त्याच्या उशाशी काय काय जमते, याची दखल कोण घेतो?

केमोची औषधे जहाल असतात. रोगाला मारणारी मात्रा आणि माणसाला मारणारी मात्रा यांत अंतर थोडे असते. ही औषधे यकृतात व इतर अवयवांत मोडली जातात, मूत्रपिंडातून बाहेर पडतात. दुसऱ्या एखाद्या औषधाने ही वाट अडवली तर केमोचे औषध रक्तात साचत जाते आणि योग्य मात्राही अति होते.

ही केवळ पुस्तकातली भीती नव्हे. १९९३ साली जपानमध्ये नागिणीवरचे सोरिव्हुडीन नावाचे नवे औषध बाजारात आले. फ्लुरोयुरॅसिल जातीचे केमोचे औषध घेणाऱ्या काही रोग्यांना नागीण झाली, म्हणून तेही देण्यात आले. सोरिव्हुडीनमुळे फ्लुरोयुरॅसिल शरीरात मोडेनासे झाले आणि काही आठवड्यांतच पंधरा रोगी दगावले. त्या काळी जपानमध्ये रोग्याला कॅन्सर झाल्याचे न सांगण्याची पद्धत होती. ज्याला आपला रोगच ठाऊक नाही, तो दुसऱ्या डॉक्टरला काय सांगणार? आपल्याकडे तरी याहून वेगळे काय आहे? 'आजीला सांगू नका, गाठ आहे एवढंच म्हणा,' असे आपणही म्हणतोच ना!

माझ्या आत्याचे केमो चालू असताना मी तिची औषधांची पिशवी पलंगावर पालथी केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे पाकिटावरचे इंग्रजी वाचण्याचे काम माझ्याकडे असते. पिशवीत बी.पी. आणि साखरेच्या गोळ्या होत्या, गुडघेदुखीच्या होत्या, रक्तवाढीच्या लाल गोळ्या होत्या आणि एका पाहुण्याने आणून दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्या होत्या. केस पेपरवर यांपैकी फक्त बी.पी.ची गोळी लिहिलेली होती. 'बाकीचं का नाही सांगितलंस?' असे विचारल्यावर आत्या म्हणाली, 'डॉक्टर रागावतेत गं. अन् त्यांनी इचारलं तरी कुठं?'

हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. दोष रोग्यावर ढकलणे सोपे आहे. पण दारात रांग असताना घाईने विचारलेल्या 'दुसरे काही चालू आहे का?' या प्रश्नाला खेड्यातील बाई मान हलवूनच उत्तर देणार. गुडघ्याची गोळी, टॉनिक, काढा यांना ती 'औषध' म्हणतच नाही. म्हणून प्रत्येक केस पेपरवर 'घरी चालू असलेली इतर औषधे' असा रकाना असावा आणि प्रत्येक केमोच्या वेळी तो नव्याने भरला जावा.

साध्या वाटणाऱ्या गोष्टीही साध्या नसतात. मेथोट्रेक्झेटबरोबर दुखण्याच्या काही गोळ्या घेतल्या तर ते मूत्रपिंडातून नीट बाहेर न पडण्याचा धोका असतो. कॅपेसिटाबीनबरोबर रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि रक्तवाढीच्या गोळीतील फॉलिक ॲसिडने त्याचे दुष्परिणाम वाढू शकतात. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढते. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना १००.४ अंशांचा ताप ही धोक्याची घंटा असते. पॅरासिटामॉल परस्पर घेतली तर तो ताप झाकला जातो.

'झाडपाल्याने काय अपाय होणार?' असे काहीजण विचारतील. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला ते मान्य झाले नाही. तो वाद जाणकारांनी मिटवावा. पण वहीत लिहून ठेवायला हा वाद आड येत नाही.

उलट टोकही वाईटच. केमो सुरू झाले म्हणून बी.पी.च्या किंवा फिटच्या गोळ्या मनानेच बंद करणारेही आहेत. काय बंद करायचे आणि काय चालू ठेवायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. आपले काम लिहिण्याचे आणि दाखवण्याचे. आत्याची यादी पाहून डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या, लाल गोळ्या व पुड्या थांबवल्या आणि साखरेच्या गोळीचे प्रमाण बदलले.

मित्रांनो, यासाठी चाळीस पानी वही पुरते. औषधाचे नाव, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नाव, किती, केव्हा, कोणी दिले, कधी सुरू झाले आणि कधी थांबवले, एवढे रकाने आखावेत. मूळ नाव यासाठी की, दोन कंपन्यांच्या वेगळ्या नावांखाली एकच औषध दुप्पट जाऊ नये. औषधाने अपाय झाल्यास १८००-१८०-३०२४ या शासकीय क्रमांकावर रोग्यालाही तो विनामूल्य कळवता येतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा हर्सूलमधल्या कॅन्सरच्या रोग्यांच्या घरी जाऊन अशी एकेक वही आखून द्यावी. ज्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला अक्षर शिकवले, त्यांच्या उपयोगी ते अक्षर पडणार नसेल, तर ही पदवी घेऊन करायचे काय?